ट्यूनर जुळला, पण तार तरंगतीच राहिली: एका हौशी रेडिओ केंद्रातील स्थिर विजेचे प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्याच्या पूर्वेकडील एका तालुक्याच्या गावी हे हौशी रेडिओ केंद्र आहे. ते चालवणारे गृहस्थ सूतगिरणीतून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झाले. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणारी मंडळी निरोप पोहोचवण्याच्या कामाला लागली होती. ते काम त्यांनी जवळून पाहिले आणि परवाना काढायचा हे तेव्हाच मनाशी ठरवले. अभियांत्रिकी शिकणाऱ्या त्यांच्या भाचीकडेही परवाना आहे. दोघांची नावे आणि कॉल साइन (हौशी केंद्राचे ओळखचिन्ह) इथे देत नाही. भाचीच्या तोंडचे 'मामा' हेच संबोधन मी पुढे वापरतो. केंद्रावर काय घडते आहे हे कळल्यावर मी मदतीला गेलो होतो, त्यामुळे बरेचसे समोर पाहिलेले आहे.

केंद्राची मांडणी अशी. १०० वॅटची एचएफ रिग, म्हणजे लघुलहरींवर बोलण्या-ऐकण्याचा संच, १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी. अंगणात ४० फुटी जीआय पाइप आणि त्याच्या टोकाशी इन्व्हर्टेड व्ही पद्धतीने ताणलेला डब्लेट, म्हणजे मधोमध तोडून दोन भाग केलेली अँटेनाची तार, दोन्ही बाजूंना साधारण दहा-दहा मीटर तार. तिथून खिडकीपर्यंत सुमारे १५ मीटर लॅडर लाइन, म्हणजे शिडीसारख्या दोन समांतर तारांची वाहिनी, तीही घरी बनवलेली. खिडकीच्या आत १:१ करंट बॅलन (दोन तारांची लाइन कोॲक्स केबलशी जोडणारा घटक) आणि त्याला जोडलेला, अँटेना रिगशी जुळवणारा, हाताने फिरवायचा ट्यूनर.

ही मांडणी आपल्याकडे बरीच आवडती आहे. जागा कमी, खर्च कमी, आणि एकाच तारेवर ४०, २० आणि १५ मीटर तरंगलांबीचे तिन्ही बँड चालतात. २० मीटर लांबीची तार ४० मीटर बँडवर अर्धतरंगी असते, पण २० मीटर बँडवर ती पूर्णतरंगी होते आणि मधल्या बिंदूवरचा इम्पीडन्स (लहरींना होणारा विरोध) काही हजार ओहमवर जातो. ही सगळी ओढाताण ट्यूनर सांभाळतो. रिगला ५० ओहम दिसले, न जुळल्यामुळे परतणाऱ्या लहरींचे माप दाखवणारा एसडब्ल्यूआरचा काटा खाली आला, की ऑपरेटर निर्धास्त होतो. मात्र हा काटा रेडिओ लहरींबद्दल बोलतो. तारेवर साचणाऱ्या डीसी, म्हणजे स्थिर भाराची त्याला काही खबर नसते.

अडचण

थंडी ओसरली आणि कोरडे वारे सुरू झाले तशी तक्रार सुरू झाली. सकाळी बँड स्वच्छ असायचा. दुपारनंतर धुळीचा वारा सुटला की रिसीव्हरमध्ये टक्… टक्… असा आवाज येई. वारा वाढला की या टिकांमधले, म्हणजे टक् आवाजांमधले अंतर कमी होई आणि वावटळ अंगणातून गेली की सलग तडतड. सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरचा काटा प्रत्येक टिकेला उडायचा. असे आवाज दाबणारा नॉइज ब्लँकर लावल्यावर थोडा फरक पडे, पण संध्याकाळच्या ४० मीटरवरच्या गप्पांमध्ये निम्मे शब्द गळून जात.

मामांचा पहिला संशय गावच्या वीजवाहिनीवर होता. तडकलेला पिन इन्सुलेटर, सैल जंपर यांचाही आवाज असाच तडतडणारा असतो, आणि वाऱ्यात तोही वाढतो. दुसरा संशय शेजारच्या सोलर इन्व्हर्टरवर. स्वतःच्या अर्थिंगवर मात्र त्यांनी संशय घेतला नाही. "अर्थिंग मी माझ्या हातानं केलंय, मीठ-कोळसा घालून. त्यात खोट निघायची नाही," असे ते म्हणाले, आणि ते खरेही होते. खोट अर्थिंगमध्ये नव्हतीच. तारेवर साचलेल्या भाराला त्या अर्थिंगपर्यंत जायला वाट नव्हती.

पुढच्या दोन घटनांनी प्रकरण गंभीर झाले.

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी वळवाचे ढग जमले. ट्यूनरच्या आतून चटचट ऐकू येऊ लागली. ट्यूनरच ठिणग्या टाकतो आहे असे समजून मामांनी त्याचा स्विच बायपासवर, म्हणजे ट्यूनर वाटेतून वगळणाऱ्या जागी टाकला. आवाज थांबला. दुसऱ्या दिवशी ४० आणि २० मीटरवर रिग जवळजवळ बहिरी झालेली होती. ओळखीची जोरकस केंद्रेही कुजबुजल्यासारखी येत होती. दुरुस्तीत रिसीव्ह फिल्टरच्या वाटेवरचे दोन छोटे स्विचिंग डायोड गेलेले आढळले.

रिग दुरुस्तीला गेलेली असताना भाचीने लॅडर लाइन बॅलनपासून सोडवून खिडकीच्या गजाजवळ लोंबकळत ठेवली. संध्याकाळी वारा होता. पडदा सारताना तिचा हात एका तारेच्या टोकाजवळ गेला आणि जोराचा झटका बसला. आकाशात ढग नव्हते, घरातली वीज त्या तारेला कुठेही लागत नव्हती. इजा झाली नाही, पण लॅडर लाइन नुसती सोडवून ठेवणे पुरेसे नाही हे त्या झटक्याने दाखवून दिले.

कारणाचा शोध

रिग परत आल्यावर पहिली चाचणी साधी होती. घराचा मेन स्विच बंद केला आणि रिग बॅटरीवर चालवली. टिका तशाच राहिल्या. घरातली उपकरणे यादीतून बाद झाली. वीजवाहिनीचा संशय मात्र उरला होता.

मग भाचीने वेळा लिहायला सुरुवात केली. मिनिटाला किती टिका, वारा कसा, आकाश कसे. वीजवाहिनीच्या ठिणग्यांचा आवाज ५० हर्ट्झच्या पटीत घरघरतो, कारण ठिणगी प्रत्येक अर्ध्या आवर्तनाच्या शिखरावर पडते. इथे तसा ठेका नव्हता. झुळूक आली की वेग वाढायचा, पडली की टिका रेंगाळायच्या. काही तरी हळूहळू भरत होते, एका पातळीला फुटत होते आणि पुन्हा भरायला लागत होते.

यानंतरची चाचणी माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत मोलाची. ती मामांच्याच खिशातल्या टेस्टरने झाली. आकाश निरभ्र होते, गडगडाट नव्हता, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेच्या, आकाशातील विजा दाखवणाऱ्या 'दामिनी' ॲपवर परिसरात कुठे वीज पडत नव्हती. या तिन्ही गोष्टींची खात्री नसेल तर ही चाचणी कोणीही करू नये. टेस्टरची टोपी, जिथे आपण बोट ठेवतो, ती क्लिपने अर्थच्या तारेला जोडली. टेस्टरचे टोक लॅडर लाइनच्या डाव्या तारेला लावले. काही नाही, दिवा विझलेलाच आणि रिसीव्हरमध्ये टिका चालूच. मग उजव्या तारेला लावले. निऑनमध्ये मंद, फडफडता उजेड आला आणि त्याच क्षणी रिसीव्हरमधल्या मोठ्या टिका थांबल्या.

मामा दिव्याकडे वाकून पाहत राहिले. "एकाच बाजूची पट्टी पेटलीय. ही लाइनची वीज नव्हे, डीसी आहे," ते म्हणाले. एसीवर निऑनची दोन्ही टोके उजळतात, डीसीवर एकच. चाळीस वर्षे हे हत्यार हाताळलेल्या माणसाला याहून वेगळा पुरावा लागत नाही. वीजवाहिनीचा संशय तिथेच संपला.

डावी तार शांत आणि उजवी भारलेली, याचे उत्तर ट्यूनरच्या सर्किटमध्ये होते. १:१ करंट बॅलनमधून लॅडर लाइनची एक तार कोॲक्स केबलच्या शील्डला (बाहेरच्या धातूच्या जाळीला) मिळते, म्हणजे ट्यूनरच्या पेटीला आणि पुढे अर्थला. तिच्यावरचा भार आपोआप निघून जातो. दुसरी तार मधल्या कंडक्टरला मिळते आणि ट्यूनरच्या आउटपुट कपॅसिटरपाशी पोहोचते. हा ट्यूनर टी-नेटवर्कचा होता. त्यात दोन कपॅसिटर मार्गात असतात आणि त्यांच्या मधोमध एक कॉइल अर्थला उतरते. पुष्कळजण ती कॉइल पाहून समजतात की अँटेना अर्थला मिळालेली आहे. रेडिओ लहरींसाठी ती सर्किटचा भाग आहे हे खरे. पण डीसीला वाटेत आउटपुट कपॅसिटर आडवा येतो आणि कॉइलपर्यंत जाताच येत नाही. उजवी तार विद्युतदृष्ट्या हवेत तरंगत होती.

भार येतो तीन-चार वाटांनी. कोरड्या वाऱ्यातले धुळीचे कण तारेवर घासून आपला भार तिला देतात. पावसाचे थेंब आणि गारा भार घेऊनच खाली येतात. शिवाय हवेतले विद्युतक्षेत्र असते: निरभ्र दिवशी जमिनीजवळ ते मीटरला १०० व्होल्टच्या आसपास असते, गडगडाटी ढगाखाली ते मीटरला काही हजार व्होल्टवर जाते आणि वीज पडताच क्षणात बदलते. त्या बदलानेही तारेवर भार उमटतो.

आकडे मांडल्यावर सगळे जुळले. उजवी तार, लॅडर लाइन आणि आउटपुट कपॅसिटर मिळून धारकता साधारण ३०० पिकोफॅरड धरली. कपॅसिटरच्या पाकळ्यांमधले अंतर सुमारे १ मिलिमीटर होते. तेवढ्या हवेतून ठिणगी पडायला ढोबळमानाने ३,००० व्होल्ट लागतात. म्हणजे प्रत्येक ठिणगीमागे ०.९ मायक्रोकूलंब भार. सेकंदाला एक टीक येत असेल तर तारेवर येणारा प्रवाह जवळजवळ १ मायक्रोअँपिअर, दहा टिका आल्या तर १० मायक्रोअँपिअर. इतका क्षुल्लक प्रवाह, पण जायला वाट नाही म्हणून तो हजारो व्होल्टपर्यंत चढतो.

एका ठिणगीतली ऊर्जा १.३५ मिलिजूल भरते. माणसाला तो नुसता झटका असतो, पण रिसीव्हरच्या तोंडाशी असलेल्या नाजूक डायोडला तेवढे मारक ठरू शकते. ट्यूनर मार्गात असताना ठिणगी कपॅसिटरमध्ये पडत होती आणि बराचसा भार कॉइलवाटे अर्थला जात होता. रिगला फक्त धक्क्याचा अंश मिळत होता. बायपास केल्यावर कपॅसिटर आणि कॉइल दोन्ही वाटेतून निघाली आणि तार थेट रिगच्या सॉकेटला जोडली गेली. काही रिगमध्ये सॉकेटपाशीच भार उतरवणारा रेझिस्टर किंवा चोक असतो. या रिगमध्ये तो नव्हता.

पर्यायांची चर्चा

पहिला पर्याय होता सोसण्याचा: वारा सुटला की केंद्र बंद. मामांना तो मान्य नव्हता. वळवाच्या दिवसांत गावागावांतून खबर घ्यायची तर केंद्र तेव्हाच चालू हवे, हे त्यांचे म्हणणे योग्य होते. मात्र वीज जवळ आल्यावरही चालू ठेवायचे का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यावर आम्ही नंतर बोललो.

एका स्नेह्याने महागडा ऑटोट्यूनर घ्यायला सुचवले. हा सल्ला मला धोक्याचा वाटला. बहुतेक ऑटोट्यूनर एल-नेटवर्कचे असतात: मार्गात कॉइल आणि अर्थकडे कपॅसिटर. तिथे डीसीला अडवणारे मार्गात काही नसते. भार कॉइलमधून सरळ रिगपर्यंत जातो आणि अर्थला मात्र मिळत नाही. ठिणग्यांची चटचट ऐकू येईनाशी झाली असती, पण धक्का जिथे बसायला नको तिथेच बसला असता.

४:१ बॅलन लावला तर दोन्ही तारा आणि शील्ड त्याच्या गुंडाळ्यांमधून डीसीसाठी एकत्र येतात. भार उतरायला ती वाट चांगली आहे. पण ४० मीटरवर इथल्या लाइनच्या खालच्या टोकाला इम्पीडन्स कमी होता, तो आणखी चार पटींनी खाली आला असता आणि ट्यूनरमध्येच जास्त वॅट जळले असते. फोल्डेड डायपोलमध्ये तार बंद वळशाची असते, तरंगत नाही. पण मग एकाच तारेवर तीन बँड चालवण्याची सोय जाते.

उरले दोन स्वस्त उपाय: प्रत्येक तारेपासून अर्थकडे आरएफ चोक (रेडिओ लहरी अडवून डीसी जाऊ देणारी कॉइल), किंवा मोठ्या ओहमचा रेझिस्टर. चोकची डीसी वाट फारच मोकळी असते. अडचण एवढीच की प्रत्येक चोकला स्वतःचे काही अनुनाद असतात आणि त्यातला एखादा नेमका आपल्या बँडवर पडला तर १०० वॅटवर तो तापून जळतो. तीन बँड आणि बदलता इम्पीडन्स असताना हे आधी सांगता येत नाही. रेझिस्टरचे वागणे जास्त भरवशाचे.

रेझिस्टर किती ओहमचा, यावर थोडा वाद झाला. मामांच्या हिशेबाने अर्थकडे जाणारी वाट जितकी कमी ओहमची तितकी चांगली, आणि घरगुती वायरिंगमध्ये ते अगदी बरोबर आहे. इथे मात्र तारेवर रेडिओ लहरींचे बळही आहे. २० मीटर बँडवर ४,००० ओहम धरले तर १०० वॅटला दोन तारांमध्ये सुमारे ६३० व्होल्ट येतात, म्हणजे प्रत्येक तारेवर अर्थच्या तुलनेत ३१५ व्होल्टच्या आसपास आणि शिखरावर जवळजवळ ४५०. रेझिस्टर फार लहान घेतला तर प्रसारणाची शक्ती त्यातच जाईल. १ मेगओहमवर ही हानी फक्त एक दशांश वॅट भरते. आणि १० मायक्रोअँपिअरच्या जोरदार भारालाही १ मेगओहमवर १० व्होल्टच चढतात. तीन हजारांवरून दहावर! ३०० पिकोफॅरडशी मिळून भार उतरायला लागणारा कालावधी ०.३ मिलिसेकंद. कागदावरचा हा आकडा पाहून मामा राजी झाले.

निर्णयाचे दोन कठीण क्षण

पहिला रेझिस्टरच्या जातीबद्दल. दुकानात पाव वॅटचा १ मेगओहम सहज मिळतो आणि वॅटच्या हिशेबाने तो पुरतोही. पण रेझिस्टरला व्होल्टचीही मर्यादा असते. पाव वॅटच्या साध्या कार्बन फिल्मला ती साधारण २५० व्होल्ट असते, आणि तारेवर शिखराला ४५० येत होते. असा रेझिस्टर धूर न काढता हळूहळू आपली किंमत बदलतो आणि एक दिवस आतून तुटतो. म्हणून ३३० किलोओहम, २ वॅटचे तीन रेझिस्टर एकामागे एक जोडायचे ठरले. व्होल्ट तिघांत वाटले जातात.

दुसरा क्षण अर्थिंगचा होता आणि तो जास्त अवघड गेला. मामांनी रेडिओसाठी वेगळा रॉड ठोकला होता आणि तो घराच्या अर्थिंगला मुद्दाम जोडला नव्हता, "घरातला आवाज रेडिओत यायला नको" म्हणून. हा समज हॅम मंडळींमध्ये खूप पसरलेला आहे. स्थिर भारासाठी तो चालूनही जातो, कारण १ मेगओहमच्या पुढे रॉडचे पन्नास-शंभर ओहम काहीच नाहीत. पण वीज जवळपास पडली की दोन वेगळ्या रॉडांमध्ये प्रचंड व्होल्टचा फरक निर्माण होतो आणि तो फरक बुजवणारा प्रवाह रिगमधून, वीजपुरवठ्यामधून वाट काढतो. विजेच्या पहिल्या झोताचा प्रवाह ३० हजार अँपिअरच्या घरात असतो. तो १० ओहमच्या अर्थिंगमधून गेला तर तिथे ३ लाख व्होल्ट चढतात. त्या वेळी सगळी अर्थिंग एकत्र चढली-उतरली पाहिजेत. अर्थिंगची भारतीय मानक संहिता आयएस ३०४३ देखील अर्थिंग एकमेकांना जोडण्यावर भर देते. मामांच्या कपाटात तिची जुनी प्रत होती. ते पान त्यांनी स्वतः काढून वाचले आणि मगच होकार दिला.

याच ओघात काळ्या मातीचा मुद्दा निघाला. पावसाळ्यात ही माती ओली, चिकट आणि विजेला उत्तम वाहक असते. उन्हाळ्यात ती आकसते, भेगाळते आणि रॉडच्या भोवती पोकळी पडते. वळवाच्या विजा येतात त्या नेमक्या याच दिवसांत. मागून आणलेल्या अर्थ टेस्टरने मे महिन्यात रेडिओचा रॉड ३८ ओहम दाखवत होता. पावसाळ्यात मोजून निश्चिंत झालेल्या माणसाला हा आकडा कधीच दिसला नसता.

काय केले

खिडकीबाहेर, पत्र्याच्या आडोशाखाली एक बॅकेलाइटची पाटी बसवली. लॅडर लाइनच्या दोन्ही तारा तिथे येतात. प्रत्येक तारेपासून तीन रेझिस्टरांची माळ अर्थच्या तांब्याच्या पट्टीकडे जाते. डावी तार बॅलनमुळे आधीच अर्थला मिळत असली तरी तिलाही माळ दिली. कारण बॅलन सोडवला की तीही तरंगू लागते.

माळांनंतर चिनी मातीच्या बैठकीचा दोन खांबी नाईफ स्विच. वर केला की लाइन ट्यूनरकडे, खाली केला की दोन्ही तारा थेट अर्थला. रेझिस्टर स्विचच्या अँटेनाकडील बाजूला आहेत, त्यामुळे स्विच कुठेही असला तरी भार उतरत राहतो. पाटीवर प्रत्येक तारेसाठी पितळी बोल्टांची, अर्ध्या मिलिमीटरची ठिणगी-फटही ठेवली. ट्यूनरच्या पाकळ्यांच्या निम्मे अंतर, म्हणजे मोठा धक्का आला तर ठिणगी घराबाहेर पडावी. ट्यूनर आणि रिगच्या मध्ये कोॲक्सवर २३० व्होल्टची गॅस डिस्चार्ज ट्यूब (ठरलेल्या व्होल्टच्या वर पेटून धक्का अर्थला देणारी नळी) लावली. त्या जागी ५० ओहमवर १०० वॅटला शिखर १०० व्होल्ट असते. ट्यूनर जुळवताना ते दुपटीपर्यंत गेले तरी ट्यूब पेटत नाही. हीच ट्यूब लॅडर लाइनवर लावली असती तर प्रत्येक प्रसारणाला पेटली असती.

रेडिओचा रॉड, आणखी दोन नवे रॉड आणि घराचे अर्थिंग २५ बाय ३ मिलिमीटरच्या तांब्याच्या पट्टीने जोडले. मार्चपासून मेपर्यंत रॉडांना आठवड्यातून पाणी घालायचे काम मामींनी आपणहून घेतले, कारण रॉड त्यांच्या कढीपत्त्याच्या आळ्याशेजारी आहेत. पुढच्या उन्हाळ्यात सगळे मिळून ६ ओहम भरले.

नियमही ठरले. ट्यूनरचा बायपास वापरायचा नाही. त्या खुंटीवर भाचीने लाल चिकटपट्टी लावली. 'दामिनी'वर ४० किलोमीटरच्या वर्तुळात वीज दिसली की बोलणे आवरते घ्यायचे, २० किलोमीटरच्या आत आली की नाईफ स्विच खाली आणि रिगचे कोॲक्स सोडवायचे. ॲप नसेल तर कानाने: पहिला गडगडाट ऐकू आला की स्विचकडे जायचे. एकदा वीज डोक्यावर आली की मग त्या स्विचला हात लावायचा नाही. म्हणून स्विच लवकर खाली करणे हाच नियमाचा जीव आहे.

परिणाम

रेझिस्टर लावल्यानंतर पहिल्याच धुळीच्या संध्याकाळी टिका गेल्या. कमी झाल्या असे नाही, गेल्या. एसडब्ल्यूआर आणि ट्यूनरच्या खुंट्यांच्या जागा तिन्ही बँडवर जशाच्या तशा राहिल्या. प्रसारणानंतर स्विच खाली करून माळांना हात लावून पाहिला, त्या गार होत्या. पावसाळ्यात थेंबांच्या भाराची जी तडतड पूर्वी येत असे तीही थांबली.

एक आवाज मात्र उरला. गडगडाटी ढग डोक्यावर येत असताना ४० मीटरवर बारीक सूं… असा आवाज उठतो, चढत जातो आणि वीज पडताक्षणी तुटतो. तो तारेच्या टोकांवरून आणि पाइपच्या शेंड्यावरून होणारा कोरोना स्राव, म्हणजे टोकांवरून हवेत झिरपणारा भार आहे. रेझिस्टर त्याला थांबवत नाही, आणि थांबवायचा प्रयत्नही आम्ही केला नाही. तो ऐकू आला याचा अर्थ स्विच आधीच खाली हवा होता.

परतीच्या पावसात घरामागच्या शेतातल्या बाभळीवर वीज पडली. केंद्र त्याआधीच बंद करून स्विच अर्थला टाकलेला होता. रिग, ट्यूनर, घरातला टीव्ही सगळे सुखरूप राहिले. हे केवळ आमच्या पाटीमुळे झाले असा दावा मी करणार नाही. वीज बाभळीवर पडली, पाइपवर नाही. थेट पाइपवर पडली असती तर रेझिस्टर, ट्यूब, फट यांपैकी काहीच टिकले नसते. स्थिर भार उतरवणे आणि विजेपासून संरक्षण ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले झाले म्हणून दुसरे झाले असे समजणाऱ्या केंद्रांची मला मनापासून काळजी वाटते.

दुसऱ्या दिवशी भाचीने नाईफ स्विच मधल्या जागी उघडा ठेवून दोन्ही माळा मल्टिमीटरने मोजल्या. उजवी ९९० किलोओहम. डावीची वाट तुटलेली: तीनपैकी एक रेझिस्टर गेला होता. रिसीव्हरवरून हे कधीच कळले नसते, कारण बॅलन जोडलेला असताना डावी तार तशीही शांत असते. माळ बदलली आणि मोजमाप तिच्या वहीत कायमचे दाखल झाले.

पुन्हा करायचे झाले तर

ट्यूनर विकत घेतला त्याच दिवशी त्याच्या सर्किटवर बोट ठेवून, अँटेनाच्या प्रत्येक टोकापासून अर्थपर्यंत डीसी वाट शोधायला हवी होती. जिथे बोट कपॅसिटरशी अडेल तिथे रेझिस्टर लागणार. पाच मिनिटांचे काम आहे. टी-नेटवर्क ट्यूनर, तरंगता डब्लेट आणि १:१ बॅलन अशी जुळणी असेल तर ते पावसाळ्याची वाट न पाहता करावे.

पहिल्या टिका ऐकल्यापासून डायोड जाईपर्यंत बराच काळ केंद्र तसेच चालले. आवाज ही गैरसोय समजली गेली, इशारा समजला गेला नाही. कारण सापडेपर्यंत रिग वापरात नसताना तिचे कोॲक्स सोडवून, लॅडर लाइनच्या दोन्ही तारा अर्थच्या पट्टीला क्लिपने लावल्या असत्या तर दुरुस्तीचा खर्च आणि भाचीचा झटका दोन्ही टळले असते. केबलचे टोक काचेच्या बाटलीत टाकून ठेवण्याची जुनी सवय काही केंद्रांत अजून दिसते. बाटलीने ठिणगी लांब राहते, पण भार कुठेच जात नाही.

चाचण्यांचा क्रमही बदलता आला असता. मेन स्विच बंद करून पाहणे आणि टिकांची वहीत नोंद, या दोन गोष्टींना पैसे लागत नाहीत. त्या पहिल्या आठवड्यात झाल्या असत्या तर सोलर इन्व्हर्टरवरून शेजाऱ्यांशी झालेली कटुता झाली नसती. मामा नंतर स्वतः जाऊन त्यांच्याशी बोलले.

पाइपचा प्रश्न अजून सुटलेला नाही. ४० फुटी जीआय पाइप आज एका रॉडने जमिनीला मिळतो, आणि तो रॉड पट्टीला जोडलेला आहे. घराला आयएस/आयईसी ६२३०५ या मानकाप्रमाणे आकाशातल्या विजेसाठी पूर्ण वीजरोधक बसवायचा, की पाइप खाली-वर करता येईल असा बिजागरीचा करून वळवाच्या दिवसांत रात्री आडवा ठेवायचा, यावर घरात चर्चा चालू आहे. मामींचे मत बिजागरीकडे आहे. भाचीने दोन्हींच्या खर्चाचा अंदाज काढून ठेवला आहे आणि मार्च यायच्या आत काय ते ठरवायचे आहे.